टोकियो डिस्नेसी एकट्याने पाहताना: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी टप्प्याटप्प्याने नियोजन

जपानमधल्या थीम पार्कला एकट्याने जायचे ठरले की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘तिथे एकट्याने करायचे काय?’ प्रश्न काळजीपोटी असतो, म्हणून त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. सोबत कोणी असले की ते माणूस आपल्या नकळत कितीतरी कामे उचलते. आपण स्वच्छतागृहात गेलो तर रांगेतली जागा धरते, पिशवी सांभाळते, आपले कार्ड चालले नाही तर स्वतःचे पुढे करते, आपल्या फोनची बॅटरी उतरली तरी त्याच्या फोनवर तिकीट असते, फोटो काढते आणि रात्री दमून परतताना ‘अगं, फलाट त्या बाजूला आहे’ असे सांगते. एकट्याने जाताना ही सगळी कामे घरून निघण्यापूर्वीच कुठे ना कुठे सोपवून द्यावी लागतात. पुढचे सगळे टप्पे म्हणजे ही सोपवासोपवीच आहे, आणि ती नीट झाली तर त्या दिवसाइतका मोकळा दिवस आयुष्यात फार थोड्यांदा मिळतो, असे मी दोनदा जाऊन आल्यावर सांगते.

आधी जागा निवडावी

ओसाकाचे युनिव्हर्सल स्टुडिओज जपान ३१ मार्च २००१ रोजी सुरू झाले आणि वेगवान राइड आवडणाऱ्यांसाठी ते उत्तम आहे. घिबली या जपानी अ‍ॅनिमेशन स्टुडिओच्या चित्रपटांवर आधारलेले, आइची प्रांतातील घिबली पार्क नोव्हेंबर २०२२ मध्ये उघडले, पण ते झाडीतून हिंडत पाहायचे ठिकाण आहे; तिथे मोठ्या राइडची अपेक्षा ठेवून जाऊ नये. टोकियो डिस्नेलँड १५ एप्रिल १९८३ पासून आहे आणि त्याला लागूनच ४ सप्टेंबर २००१ रोजी टोकियो डिस्नेसी उभे राहिले. नावात टोकियो असले तरी ही दोन्ही पार्के शेजारच्या चिबा प्रांतातील उरायासू शहरात, टोकियोच्या आखातात भर घालून तयार केलेल्या जमिनीवर आहेत, आणि ती ओरिएंटल लँड ही जपानी कंपनी डिस्नेच्या परवान्याखाली चालवते.

पहिल्यांदा एकट्याने जाणाऱ्याने डिस्नेसी निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे. डिस्नेसी जगात इतरत्र कुठेही नाही, हे एक कारण झाले. दुसरे आणि अधिक महत्त्वाचे कारण असे, की हे पार्क मोठ्या माणसांचा विचार करून रचलेले आहे. मधोमध ज्वालामुखीचा डोंगर, त्याच्याभोवती पाणी आणि पाण्याकाठी आठ ‘बंदरे’ अशी त्याची मांडणी आहे. भूमध्य समुद्राकाठच्या गावासारखे मेडिटरेनियन हार्बर, जुन्या न्यू यॉर्कच्या धक्क्याची आठवण देणारे अमेरिकन वॉटरफ्रंट, अरबी नगरीसारखे अरेबियन कोस्ट आणि ६ जून २०२४ रोजी उघडलेले सगळ्यात नवे फँटसी स्प्रिंग्ज ही त्यांतली काही. कठड्याला टेकून अर्धा तास नुसते पाण्याकडे पाहत बसलेली माणसे इथे जागोजागी दिसतात, त्यामुळे एकटे बसलेले माणूस कोणाच्या नजरेत येत नाही. जपानी भाषेत एकट्याने जेवणाऱ्या किंवा फिरणाऱ्या ग्राहकासाठी ‘ओहितोरीसामा’ असा आदरार्थी शब्दच आहे, यावरून तिथे ही गोष्ट किती सवयीची आहे ते कळेल.

तारीख ठरवणे

तारीख चुकली तर पुढचे कोणतेही नियोजन ती चूक भरून काढू शकत नाही. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत असणारा सुट्ट्यांचा ‘गोल्डन वीक’, ऑगस्टच्या मध्याचा ओबोनचा, म्हणजे पूर्वजांच्या स्मरणाच्या सणाचा काळ, वर्षअखेर आणि नववर्ष, तसेच मार्चच्या उत्तरार्धातली शाळा-कॉलेजांची सुट्टी या काळात जाणे टाळावे. नेमकी आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीची सुरुवात आणि गोल्डन वीक एकमेकांवर येतात, म्हणून महाराष्ट्रातून निघणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. प्रवासाच्या पुस्तिकांत सहसा न सापडणारी आणखी एक बाब अशी, की १५ जून हा चिबा प्रांताचा आणि १४ नोव्हेंबर हा सैतामा प्रांताचा दिन असतो. त्या दिवशी तिथल्या सरकारी शाळांना सुट्टी असल्यामुळे साध्या वारीही पार्कमध्ये मुलांची झुंबड उडते.

जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे सुट्टी नसलेले वार आणि गोल्डन वीक उलटल्यानंतरचा मे महिना हे मला सर्वांत सोयीचे वाटतात. जानेवारीत समुद्रावरून येणारे वारे बोचरे असते आणि कोकणातल्या किंवा मुंबईतल्या माणसाला त्याची कल्पना आधी येत नाही. कानटोपी, हातमोजे आणि वारा अडवणारे जाकीट असल्याशिवाय रात्रीच्या कार्यक्रमासाठी तासभर जमिनीवर बसवणार नाही. जूनमध्ये तिथला पावसाळा सुरू होतो, ऑगस्टमध्ये उकाडा मुंबईसारखाच घामाघूम करतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात तुफानांची शक्यता असते. तारीख पक्की करण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर कोणत्या राइड दुरुस्तीसाठी बंद आहेत त्याचे कोष्टक अवश्य पाहावे. ज्या एका राइडसाठी तुम्ही निघाला आहात तीच महिनाभर बंद असल्याचे दारात गेल्यावर कळणे फार क्लेशदायक असते.

व्हिसा आणि कागदपत्रे

भारतीय पारपत्रावर जपानला जाण्यासाठी व्हिसा लागतो. एप्रिल २०२४ पासून पर्यटनाचा अल्पकालीन व्हिसा भारतात इलेक्ट्रॉनिक स्वरूपात मिळू लागला आहे. अर्ज मात्र व्हिसा केंद्रामार्फतच करायचा असतो. अर्जासोबत प्रत्येक दिवशी कुठे असणार आणि कुठे मुक्काम करणार याचा तक्ता द्यावा लागतो, म्हणून हॉटेलचे आरक्षण आणि पार्कचा दिवस त्याआधी कागदावर ठरलेला असावा. हा ई-व्हिसा विमानतळावर इंटरनेट चालू ठेवून फोनच्या पडद्यावरच दाखवावा लागतो. त्याचे चित्र काढून ठेवलेले किंवा कागदावर छापलेले चालत नाही. एकट्या प्रवाशाच्या हाती एकच फोन असतो, त्यामुळे विमानात बसण्यापूर्वी तो पूर्ण चार्ज असणे हे येथूनच महत्त्वाचे ठरते. जपानमध्ये परदेशी पाहुण्याने पारपत्र सतत जवळ बाळगणे कायद्याने बंधनकारक आहे. ते हॉटेलात न ठेवता अंगावरच्या आतल्या खिशात ठेवावे.

औषधांबाबत एक सूचना आवर्जून करते. सूडोएफेड्रिन असलेली सर्दीची आणि कोडिन असलेली खोकल्याची औषधे नेण्यावर जपानमध्ये कडक बंधने आहेत. आपल्याकडे घरात सहज असणाऱ्या गोळ्यांची पाकिटे उलटवून त्यांतील घटक वाचावेत आणि शंका असेल तर ते औषध घरीच ठेवावे.

तिकीट

पार्कच्या दारात जाऊन तिकीट काढू, असा विचार करू नये. तिकीट आधी ऑनलाइन घ्यायचे असते. ऑक्टोबर २०२३ पासून मोठ्या माणसाच्या एका दिवसाच्या तिकिटाची किंमत दिवसाच्या गर्दीनुसार ७,९०० ते १०,९०० येन या पट्ट्यात ठरते, आणि एका तिकिटावर एकाच पार्कमध्ये प्रवेश मिळतो. ज्या दिवशी तिकीट स्वस्त आहे त्या दिवशी पार्कच्याच अंदाजाने गर्दी कमी असते, म्हणून किमतींचे कोष्टक हेच गर्दीचे पंचांग समजावे. भेटीच्या दोन महिने आधी, जपानमधील दुपारी २ वाजता, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेदहाला, विक्री खुली होते. पैसे परत मिळत नाहीत, पण दुसऱ्या दिवसाची तिकिटे शिल्लक असतील तर तारीख बदलून घेता येते.

अर्धाच दिवस द्यायचा असेल, तर सुट्टीच्या दिवशी दुपारी ३ नंतरचे आणि इतर दिवशी संध्याकाळी ५ नंतरचे कमी किमतीचे तिकीट असते. दिवसभर दमछाक नको, पण दिव्यांनी उजळलेले बंदर पाहायचे आहे, अशा माणसाला हे तिकीट फार सोयीचे आहे. लहान मुले बरोबर असलेल्या कुटुंबाला हा पर्याय अवघड जातो, एकट्याला मुळीच नाही.

तिकिटाचा क्यूआर कोड फोनवर तर असतोच, तरीही तो कागदावर छापून पारपत्रात ठेवावा. सोबत्याच्या फोनचे काम हा एक कागद करतो.

पैसे आणि फोन: येथे सर्वाधिक वेळ द्यावा

आपल्याकडील बँकांची कार्डे परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन परदेशातील ऑनलाइन व्यवहार आणि दुकानातील व्यवहार हे दोन्ही पर्याय वेगवेगळे सुरू करावे लागतात आणि त्यांची मर्यादाही वाढवावी लागते. बरेच जण यांतील एकच पर्याय सुरू करतात. दोन वेगळ्या बँकांची दोन कार्डे न्यावीत आणि ती एका पाकिटात ठेवू नयेत.

माझ्या पहिल्या खेपेची गोष्ट सांगते. सकाळी प्रवेशद्वारातून आत आल्यावर मी बाजूला उभी राहिले आणि फोनवर एका राइडचा सशुल्क पास निवडला. कार्डाचा क्रमांक भरला, पडद्यावर ओटीपीची चौकट आली आणि पुढे काहीच झाले नाही. जपानी इंटरनेटसाठी घेतलेले ई-सिम उत्तम चालत होते, पण ओटीपी येतो तो आपल्या भारतीय क्रमांकावर, आणि त्या सिमचे रोमिंग मी घरून सुरू करून घेतले नव्हते. पाच मिनिटे गेली, निवडलेला पास सुटला आणि पुन्हा पाहिले तेव्हा उरलेली वेळ संध्याकाळची होती. नवऱ्याचा फोन शेजारी असता तर ही अडचण दहा सेकंदांत सुटली असती. तेव्हापासून मी निघण्यापूर्वी तीन गोष्टी करते: भारतीय सिमचे रोमिंग सुरू करते, ते सिम फोनमध्ये चालू ठेवून केवळ त्याचे डेटा बंद करते, आणि ओटीपीऐवजी बँकेच्या अ‍ॅपमध्ये मंजुरी देता येईल असे एक तरी कार्ड जवळ ठेवते.

रोख रक्कमही हवी. सेव्हन-इलेव्हन दुकानांतील एटीएम परदेशी कार्डे घेतात आणि त्यांवर इंग्रजीचा पर्याय असतो. रेल्वे, मोनोरेल, बस आणि दुकाने यांसाठी विमानतळावर पर्यटकांचे ‘वेलकम सुइका’ कार्ड घेऊन त्यात पैसे भरून ठेवावेत. ते २८ दिवस चालते.

डिस्नेचे अधिकृत अ‍ॅप घरीच फोनवर उतरवावे, त्यात खाते उघडावे आणि तिकीट जोडून पाहावे. पार्कमध्ये हे अ‍ॅप सतत उघडावे लागते: रांगांच्या वेळा, नकाशा, पास, जेवणाची मागणी, सगळे त्यातच आहे. त्यामुळे दुपारी २ पर्यंत फोन मान टाकतो. किमान १०,००० मिलिअँपिअरची पॉवर बँक हातातल्या सामानात न्यावी. जपानमध्ये १०० व्होल्टचा पुरवठा आणि दोन चपट्या पिनांचे सॉकेट असते. आपला गोल पिनांचा चार्जर त्यात बसत नाही, म्हणून अडॅप्टर विसरू नये.

मुक्काम कुठे करावा

पार्कची स्वतःची हॉटेले देखणी आहेत आणि त्यांतील पाहुण्यांना सकाळी १५ मिनिटे आधी प्रवेश मिळतो, परंतु खोलीचे भाडे दोघांत वाटून घेता येत नसल्यामुळे एकट्याला ते जड जाते. टोकियो स्थानक किंवा हात्चोबोरीजवळचे एका माणसाच्या खोलीचे बिझनेस हॉटेल पुरेसे आहे, कारण तिथून पार्कजवळच्या मायहामा स्थानकापर्यंत जेआर (जपान रेल्वे) च्या केइयो मार्गावर थेट गाडी मिळते.

मराठी वाचकांना मात्र मी आणखी एक जागा सुचवते, ती म्हणजे टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई. हा भाग भारतीय कुटुंबांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. मूळचे महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये याच एदोगावा विभागाच्या परिषदेवर निवडून आले होते. इथे भारतीय किराण्याची दुकाने आणि खाणावळी आहेत, म्हणजे शाकाहारी माणसाला रात्री परतल्यावर वरण-भाताच्या जवळ जाणारे काहीतरी गरम मिळू शकते. तोझाई या मेट्रो मार्गाने उरायासू दोनच स्थानकांवर आहे आणि तिथून मायहामाकडे बस जाते. मधल्या कासाई स्थानकाजवळून डिस्नेकडे थेट बसही सुटते. अनोळखी देशात दिवसभर एकटे असल्यावर संध्याकाळी दुकानात कोणी ‘तुम्ही कुठले?’ असे विचारले, की फार बरे वाटते.

सकाळ: घड्याळ आणि वाट

जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. सकाळी ८ वाजता प्रवेशद्वाराशी उभे राहायचे म्हणजे शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. म्हणून जपानमध्ये उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी पार्क ठेवू नये. मध्ये दोन दिवस जाऊ द्यावेत.

टोकियो स्थानकातून जाणार असाल तर एक इशारा. केइयो मार्गाचे फलाट जमिनीखाली खोल आणि मुख्य स्थानकापासून बरेच लांब आहेत. पाट्या पाहत चालायला लागल्यावर सरकत्या पट्ट्यांची एक लांब मार्गिका येते, मग सरकते जिने, पुन्हा मार्गिका, आणि आपण चुकलो की काय असे वाटू लागते. तुम्ही चुकलेले नसता; १५ मिनिटे हाताशी ठेवावीत आणि लाल रंगाची ‘केइयो’ ही पाटी सोडू नये. गाडीला मायहामापर्यंत साधारण पाव तास लागतो. तिथून डिस्नेसीला मोनोरेलने जाता येते. मोनोरेलचे वेगळे भाडे असते, ती एकाच दिशेने वर्तुळात फिरते आणि आधी डिस्नेलँडचे स्थानक येते. तिथे गर्दी उतरते म्हणून आपणही उतरू नये.

दार अधिकृतपणे ९ वाजता उघडते, पण बहुधा काही मिनिटे आधीच आत सोडतात. आठच्या सुमारास रांगेत असावे. सामानाची तपासणी होते. सेल्फी स्टिक आणि ट्रायपॉड आत वापरता येत नाहीत, काचेच्या बाटल्या आणि डबाबंद पेये चालत नाहीत, आणि घरून आणलेले जेवणही आत नेता येत नाही. त्यासाठी दाराबाहेर बसून खाण्याची जागा ठेवलेली आहे. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या नेल्या असतील तर तिथे बसून भरपेट न्याहारी करावी आणि मगच रांगेत लागावे. मांस आणि ताजी फळे मात्र भारतातून जपानमध्ये नेऊच नयेत. मोठी पिशवी दाराबाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावी. राइडच्या वेळी पिशवी धरायला कोणी नसल्यामुळे अंगाला घट्ट बसणारी एकच लहान पाठपिशवी आत न्यावी.

आत पोचल्यावरचा पहिला तास

वेळ वाचवण्याचे दोन मार्ग आहेत आणि नवख्या माणसाचा त्यांत गोंधळ होतो. प्रायॉरिटी पास फुकट असतो: अ‍ॅपवर राइड निवडावी, मिळालेल्या वेळेत जावे आणि लहान रांगेतून आत शिरावे. प्रीमियर अ‍ॅक्सेस सशुल्क असतो, एका राइडला साधारण १,५०० ते २,५०० येन, आणि तो सर्वाधिक मागणीच्या राइड व काही कार्यक्रमांसाठी असतो. हे दोन्ही पास पार्कच्या आत आल्यावरच घेता येतात. एक घेतल्यावर पुढचा घेण्यासाठी ठरावीक वेळ थांबावे लागते, पण फुकटचा आणि सशुल्क यांची घड्याळे वेगवेगळी चालतात, म्हणून दोन्ही एकामागोमाग लगेच घ्यावेत.

दार ओलांडताच चालत सुटू नये. प्रवेशद्वारासमोरच्या पृथ्वीगोलाच्या कारंज्याच्या कडेला वाट मोकळी ठेवून उभे राहावे आणि आधी सशुल्क, मग फुकट, अशा क्रमाने पास घ्यावेत. सशुल्क पास फँटसी स्प्रिंग्जमधील एखाद्या राइडसाठी किंवा २०१९ पासूनच्या ‘सोअरिंग’साठी खर्च करावा, सोअरिंगची साधी रांग गर्दीच्या दिवशी दोन तासांच्याही पुढे जाते. चौघांचे कुटुंब हा खर्च चौपट करते, एकट्याला तो एकदाच पडतो. दोन तास उन्हात एकट्याने उभे राहण्यापेक्षा दोन हजार येन देणे मला योग्य वाटते, आणि या बाबतीत काटकसर करू नये असाच माझा आग्रह आहे. फँटसी स्प्रिंग्ज पार्कच्या अगदी मागच्या टोकाला आहे. दारापासून तिथवर पाव तास सहज लागतो, तो हिशेबात धरावा.

कागदावर पंधरा राइडची यादी घेऊन येणारे दुपारीच खट्टू झालेले दिसतात. तीन गोष्टी नक्की कराव्यात: एक सशुल्क, एक फुकट पासची आणि एक रात्रीचा कार्यक्रम. बाकीचे मिळेल तसे घ्यावे.

रांगेत एकट्याने

बहुतेक राइडच्या तोंडाशी कर्मचारी ‘नान्मेइ-सामा देस्का?’ असे विचारतात, म्हणजे ‘आपण किती जण?’ एक बोट वर करून ‘हितोरी देस’ म्हणावे. समोरची मुलगीही तसेच एक बोट वर करते, हसून मान लववते आणि हाताने रांग दाखवते. त्या क्षणाची मला फार धास्ती वाटत होती, आणि तो इतक्या सहजतेने पार पडला की पुढे दिवसभर मी न संकोचता बोट वर करत राहिले.

काही राइडना ‘सिंगल रायडर’ची सोय असते, म्हणजे गटांच्या मध्ये रिकामी राहिलेली जागा एकट्या माणसाला देतात. ओसाकाच्या युनिव्हर्सलमध्ये ही सोय जास्त राइडना आहे. डिस्नेसीत ती मोजक्याच ठिकाणी असते, म्हणून त्या दिवशी सुरू आहे का हे राइडच्या दाराशीच विचारावे. तिचा एक तोटा आहे: मुख्य रांगेतली सजावट पाहायला मिळत नाही, आणि डिस्नेसीत रांगेच्या वाटेवरची सजावट हा अर्धा आनंद असतो.

रांगेत शिरण्यापूर्वी स्वच्छतागृहात जाऊन यावे आणि पाणी भरून घ्यावे. तरीही मध्येच बाहेर पडण्याची वेळ आली तर न सांगता निघून जाऊ नये. जवळच्या कर्मचाऱ्याला सांगावे, ते मार्ग काढून देतात. राइडमधील संवाद जपानी असतात. म्हणून ज्यांना कथा समजून घ्यायची आहे त्यांनी आधी वाचून जावे. ‘टॉवर ऑफ टेरर’ची इथली कथा १८९९ च्या शेवटच्या रात्री बेपत्ता झालेल्या एका हॉटेल मालकाची आहे आणि ती अमेरिकेतल्या त्याच नावाच्या राइडपेक्षा निराळी आहे.

एकट्या माणसासाठी खास म्हणून मी दोन जागा सांगेन. एक म्हणजे अरेबियन कोस्टमधली सिंदबादची होडी. रांग बहुधा लहान असते, होडी संथ असते, थंडगार अंधारात गाणे चालू असते आणि शेकडो हलत्या बाहुल्या दोन्ही काठांवर दिसतात. पाय दुखू लागले की मी तिथेच जाते, दिवसातून दोनदा तरी. दुसरी म्हणजे बंदरावरचा किल्ला, ‘फोर्ट्रेस एक्स्प्लोरेशन्स’. तिथल्या एका गोल दालनात ग्रहांची मोठी प्रतिकृती आहे आणि कठड्याला हँडल लावलेली आहेत. हँडल फिरवले की दात्यांच्या चाकांचा मंद आवाज होतो आणि डोक्यावरून एक ग्रह हळूहळू सूर्याभोवती सरकू लागतो. गटाने आलेली माणसे एक फोटो काढून पुढे जातात. मी तिथे पाऊण तास होते आणि मला कोणी ‘चल’ म्हटले नाही.

खाणे

मांसाहारी माणसाला इथे काहीच अडचण नाही; अरेबियन कोस्टमधील कास्बा फूड कोर्टमध्ये करी आणि नानसुद्धा मिळतो. शाकाहाऱ्याने मात्र सावध असावे. जपानी सूप आणि रस्से बहुधा माशाच्या अर्कावर केलेले असतात, वरून भाजी दिसणाऱ्या पदार्थात डुकराचे मांस असू शकते आणि प्रसिद्ध ‘ग्योझा’ बनमध्ये ते असतेच. म्हणून न्याहारी भरपूर करावी, दुपारी ब्रेड, बटाटे, चुरोस, पॉपकॉर्न असे काही घटक विचारून घ्यावे आणि रात्रीच्या जेवणाचा बेत मुक्कामाजवळ ठेवावा. अ‍ॅपवरून वेळ ठरवून जेवण मागवण्याची सोय काही उपाहारगृहांत आहे. ट्रे हाती घेऊन जागा शोधण्याची एकट्याची कसरत दोनच्या सुमारास सर्वांत अवघड असते, म्हणून ११ वाजता किंवा ३ नंतर जेवावे. टेबल धरून ठेवण्यासाठी जपानी लोक रुमाल किंवा छत्री ठेवून जातात. आपणही तसे करावे, पण फोन आणि पारपत्र कधीही टेबलावर ठेवू नये.

फोटो आणि रात्रीचा कार्यक्रम

फोटोसाठी कर्मचाऱ्यांना निःसंकोच विचारावे. ‘शाशिन ओ तोत्ते मोराएमास्का?’ एवढे वाक्य पाठ करावे. झाडू मारणारी माणसेसुद्धा झाडू बाजूला ठेवून, खाली वाकून, मागचा डोंगर चौकटीत येईल अशा बेताने फोटो काढून देतात.

रात्री बंदराच्या पाण्यावर होड्या, कारंजी आणि दिव्यांचा कार्यक्रम होतो. तासभर आधी लोक प्लॅस्टिकची चटई अंथरून बसतात. शंभर येनच्या दुकानातली एका माणसापुरती चटई आणि उबदार कपडा जवळ असावा. चौघांना लागणारी जागा कुठेच नसते, पण दोन कुटुंबांच्या मध्ये हातभर फट असते. ‘सुमिमासेन’ म्हणून विचारले की दोन्ही बाजूंचे लोक चटया सरकवतात आणि पाण्याला लागून जागा मिळते. एकदा बसल्यावर जागा राखायला कोणी नाही, हे लक्षात ठेवून खाणे-पिणे आधी उरकावे. आठवणवस्तूही दुपारीच घेऊन लॉकरमध्ये ठेवाव्यात, कारण कार्यक्रम संपताच दाराजवळच्या दुकानांत पाय ठेवायला जागा राहत नाही.

अडचण आली तर

पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९ हे क्रमांक आहेत. भूकंप झाला तर धावू नये. राइड थांबतात, कर्मचारी ठरलेल्या पद्धतीने उघड्या जागी बसवतात आणि त्यांचे ऐकावे. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपाच्या वेळी दोन्ही पार्कांत मिळून सुमारे ७० हजार पाहुणे होते आणि गाड्या बंद पडल्यामुळे सुमारे २० हजार जणांनी ती रात्र तिथेच काढली. कर्मचाऱ्यांनी डोके झाकायला दुकानातली मऊ खेळणी आणि थंडीसाठी प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटल्या. घरी काळजी करणाऱ्या आईवडिलांना मी हे मुद्दाम सांगते. हॉटेलचा पत्ता जपानी लिपीत छापलेला कागद पारपत्राजवळ ठेवावा. फोन बंद पडला तरी टॅक्सीवाल्याला तो दाखवता येतो.

परतीची वाट

पार्क रात्री ९ वाजता बंद होते आणि सगळी गर्दी एकदम मायहामा स्थानकाकडे वळते. पंधरा मिनिटे आधी निघावे, नाहीतर स्थानकाला लागून असलेल्या इक्स्पिआरी या बाजारसंकुलात काही गरम पिऊन गर्दी ओसरू द्यावी. केइयो मार्ग समुद्राकाठून जातो, त्यामुळे जोराचे वारे सुटले की या मार्गावरच्या गाड्या मंदावतात किंवा थांबतात. फलाटावर तशी सूचना दिसली तर थांबून राहू नये. स्थानकाबाहेरून उरायासूची बस धरावी आणि तोझाई मार्गाने शहरात परतावे. ही दुसरी वाट सकाळीच नकाशावर पाहून ठेवावी, कारण रात्री थकलेल्या डोळ्यांना जपानी पाट्या अधिकच परक्या वाटतात.

गाडीत बसण्यापूर्वी सुइका कार्ड, पारपत्र आणि दोन्ही कार्डे जागच्या जागी आहेत हे हाताने चाचपून पाहावे. मग फलाटावरूनच घरी ‘निघाले’ असे कळवावे. तिथे पावणेदहा झालेले असतात तेव्हा आपल्याकडे सव्वासहा, दिवेलागणीची वेळ, आणि घरचे फोनची वाट पाहत असतात.